शेवट मी एकटीने पाहिला

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आईजवळ नाही, बाबांजवळ नाही, चळवळीतल्या मैत्रिणींजवळ तर नाहीच. आणि आम्ही मैत्रिणी एकमेकींना काय काय सांगतो, ते ऐकलंत तर तुम्ही थक्क व्हाल. कुणी मोडलेल्या लग्नाबद्दल सांगते, कुणी पोलीस चौकीत घाबरून रडू आल्याचं सांगते, कुणी स्वतःच्याच भाषणाचा कंटाळा आल्याचं. मी ऐकते, मान हलवते — आणि माझी पाळी आली की दुसरंच काहीतरी सांगते.

कारण माझी गोष्ट ऐकायला इतकी किरकोळ आहे! एक टीव्ही गेम. एक बुटका माणूस खड्ड्यांवरून उड्या मारत उजवीकडे जातो — तसला. त्यात लपवण्यासारखं काय असणार?

जरा थांबा. मला थोडं लांबून यावं लागेल.

मी अजूनही तो गेम खेळते. हेही कुणाला माहीत नाही. भोरमध्ये मी एका खोलीत राहते, लिहिते, एका छोट्या मासिकाचं काम बघते, सभांना जाते. जुगाराच्या ॲपविरुद्ध मी पत्रकं लिहिली आहेत आणि त्यांतला शब्दन् शब्द मला आजही मान्य आहे. पण रविवारी दुपारी दार लावून मी लॅपटॉपवर तो जुना गेम काढते. दार लावते, हे लक्षात घ्या. खोलीत मी एकटीच असते, तरीही लावते.

का खेळते? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. त्या गेममध्ये तुम्हाला कुणी काही समजावत बसत नाही. उजवीकडे जायचं, बस. एका बटणाने चालायचं, एकाने उडी मारायची. वाटेत आडवा येणारा खेकडा काल जिथे होता तिथेच आज असतो. खड्डा तेवढाच रुंद. हलणारी फळी तेवढ्याच वेळाने परत येते. त्यात वशिला नाही, नशीब नाही, तुमचं आडनाव कुणी विचारत नाही. पडलात, तर तुम्ही उडी लवकर मारली किंवा उशिरा — तिसरं कारण नसतंच. चित्रं आता ठोकळ्यांची वाटतात, गाणं टिणटिण वाजतं, नवे गेम दिसायला शंभर पटीने देखणे आहेत. तरी हे जुने गेम म्हातारे होत नाहीत. अंगठ्याला एकदा जे कळलं ते जुनं होत नाही. आणि चूक कुणाची, हे तिथे त्याच क्षणी कळतं. लपवता येत नाही.

मला — मला! — ते आवडतं.

मी पत्रकांवर वाढले. हे अलंकारिक नाही. बाबा वेल्ह्यात शिक्षक होते आणि शाळेबाहेरचा सगळा वेळ संघटनेचा. भोरच्या छापखान्यातून पत्रकांचे गठ्ठे एसटीने यायचे, कंडक्टर ते स्टँडवर टाकून जायचा, आणि आम्ही ते घरी आणून घड्या घालायचो. मी जोडाक्षरं शिकले ती 'अंधश्रद्धा' आणि 'स्त्रीमुक्ती' या शब्दांत. आमच्या घरी देव नव्हते, पण एक नियम होता: खोटं बोलायचं नाही, आणि खोटं खपवूनही घ्यायचं नाही. तो नियम मी शाळेत, विहिरीवर, सगळीकडे मिरवायचे. मला वाटायचं, आपण इतरांपेक्षा जरा उंच आहोत.

आमच्या भाड्याच्या घराला लागूनच धोंडाआत्यांचं घर. शेतकरी कुटुंब, डोंगराच्या पोटाला भातखाचरं, दारात दोन म्हशी. त्यांचा मुलगा किसनदादा वरव्याजवळच्या एका कारखान्यात कामाला, आठवड्याने घरी यायचा. आणि त्याची नवी बायको, सुनंदावहिनी. माझ्याहून फार मोठी नव्हती. मी सहावीत होते आणि ती — आज हिशेब केला की दचकायला होतं — स्वतः अजून पोरगीच होती. तोंडावर मी तिला 'तुम्ही' म्हणायचे. मनात मात्र ती पहिल्यापासून 'ती'च होती.

किसनदादाने एका जत्रेतून तो टीव्ही गेम आणला. काळं डबडं, वर कॅसेट खोचायची, दोन रिमोट, एक अडाप्टर. आणला स्वतःसाठी, पण आठवड्यातला एकच दिवस तो घरी, त्यातही निम्मा वेळ झोपेत. मग आम्ही आळीतली पोरं दुपारी जमायला लागलो. वहिनी मागे बसून तांदूळ निवडायची आणि बघायची. नुसती बघायची. एक दिवस मी पडले, पुन्हा पडले, चिडले, आणि मागून आवाज आला, "फळी परत येऊ दे की जरा. घाई का करतीस?"

मी रिमोट तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "गप, कुनी बघंल." मग पदर खोचून बसली.

कसं सांगू तुम्हाला, ती कशी खेळायची! आम्ही पोरं अंगाने उड्या मारायचो, रिमोट हवेत उचलायचो, ओरडायचो. ती हलायची नाही. डोळे अर्धे मिटल्यासारखे, आणि फक्त अंगठे. त्या बुटक्याला तिने नाव ठेवलं होतं — बंड्या. "चल रं बंड्या, हितं न्हाई पडायचं." पडला तर हसायची. आमच्यासारखी चिडायची नाही, खरंच हसायची. एकदा मी विचारलं, तुम्हाला राग कसा येत नाही? ती म्हणाली, "हितं पडलं तरी कोन बोलत न्हाई गं. परत उभं राह्याचं, बास. लई बरं वाटतं."

त्या घरात दूध उतू गेलं तर बोलणी होती, भाकरी करपली तर होती, माहेरी एक दिवस जास्त राहिलं तर होती. धोंडाआत्या वाईट नव्हत्या. त्यांनाही कुणी तसंच बोलून मोठं केलं होतं, एवढंच. पण सुनेने पोरांबरोबर बसून टीव्हीत उड्या मारायच्या, हे त्यांच्या डोक्यात बसणारं नव्हतं. म्हणून आमचा करार झाला. आत्या शेतावर असल्या की वहिनी खेळणार. कुणीतरी उंबऱ्यात बसणार. आत्यांची चाहूल लागली की रिमोट पोरांच्या हातात आणि सूप वहिनीच्या. विचारलं तर — खेळतात ती पोरं.

खोटं खपवून घ्यायचं नाही, हा नियम मी त्या उंबऱ्यात बसून रोज मोडत होते. आणि आनंदात मोडत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाचं तरी काहीतरी राखत होते. पत्रक वाटताना असं कधी वाटलं नव्हतं.

अडचण एकच होती. त्या गेममध्ये कुठवर आलो ते साठवून ठेवता येत नसे. बंद केला की पुन्हा पहिल्यापासून. आणि आमच्याकडे लाईट! दिवसातून कितीदा जायची, कधी जायची, काही नेम नाही. वहिनी शेवटच्या किल्ल्यापाशी पोचायची आणि पडदा काळा व्हायचा. आम्ही पोरं कळवळून ओरडायचो. ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, उद्या." आणि सूप ओढायची. वेल्ह्यात कुणीच शेवट पाहिला नव्हता. तिथे काय असेल यावर आमच्या पैजा लागायच्या. कुणी म्हणे मोठा राक्षस, कुणी म्हणे खजिना. वहिनी म्हणायची, "काय बी असू दे. आपल्या डोळ्यांनी बघू."

मग मतदान आलं. भात पिवळं पडायला लागलं होतं. आणि मतदानाच्या दिवशी लाईट जात नाही, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

वहिनीने तो दिवस आधीच हेरून ठेवला होता. शाळेत केंद्र, म्हणून आम्हाला सुट्टी. बाबांना दुसऱ्या गावच्या केंद्रावर ड्यूटी. आई संघटनेच्या कामाला भोरला. मला दिवसभर वहिनीकडेच राहायचं होतं. धोंडाआत्या सकाळीच मत देऊन शेजारच्या वाडीत बहिणीकडे जाणार होत्या. वहिनीने स्वयंपाक उजाडायच्या आत उरकला. म्हशींचं केलं. आत्यांची पाठ फिरली तशी तिने हात पुसले आणि टीव्हीसमोर बसली. मला म्हणाली, "आज बघायचाच शेवट. समदी मिळून."

सकाळभर ती खेळली. आणि काय खेळली! घाई नाही. वाटेतली फळं गोळा करायची, त्याचे जास्तीचे जीव मिळायचे, ते साठवायचे. अडाप्टर तापला की मी पुठ्ठ्याने वारा घालायचे. दुपार कलली तेव्हा ती शेवटच्या किल्ल्यात शिरली — इतके जीव हातात असताना, इतक्या लांब, कुणीच कधी आलं नव्हतं. बाकीची पोरं तेवढ्यात केंद्रावरच्या गाड्या बघायला पळाली होती. घरात आम्ही दोघीच.

आणि दारात मोटरसायकल वाजली. किसनदादा मतदानासाठी वरव्याहून आला होता. वहिनीने बटण दाबून गेम थांबवला, रिमोट माझ्या मांडीवर टाकला, उभी राहिली.

"चल, तुजं नाव आलंय यादीत," तो दारातूनच म्हणाला. "गर्दी व्हायच्या आत आटपू."

सासरच्या यादीत तिचं नाव पहिल्यांदाच आलं होतं. तिच्या दारावर एक पत्रक चिकटवलेलं होतं — बाईने स्वतः विचार करून मत द्यावं, असं. ते मीच चिकटवलं होतं. तिने एकदा पडद्याकडे पाहिलं. बंड्या एका फळीवरून उडी मारता मारता हवेतच थांबलेला.

मोठ्याने, नवऱ्याला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "मुक्ते, खेळ हां तू." मग चप्पल घालायला वाकली आणि हळूच म्हणाली, "हात लावू नगं. आलेच म्या."

यातलं कुठलं वाक्य खरं होतं, हे मला माहीत होतं. हे मी आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला पळवाट उरणार नाही.

मोटरसायकलचा आवाज वळणापलीकडे गेला. गेम थांबवला की त्याचं गाणंही थांबतं. घर एकदम मुकं झालं. मी तिथे बसले होते, आणि बंड्या हवेत. किती वेळ बसले? फार नाही. मला वाटलं, पलीकडच्या फळीवर एकदा नीट उतरवून ठेवावा. एवढंच. मग वाटलं, पुढचा एक खड्डा.

मग मी थांबले नाही.

मी तिच्यासारखी खेळणारी नव्हते. पडले. परत उभी. पडले. तिने सकाळभर एकेक फळ वेचून साठवलेले जीव मी उधळत गेले. प्रत्येक वेळी आकडा कमी होताना दिसत होता, कोपऱ्यात, ठळक. तरी मी म्हणत होते, आता थांबते. शेवटी एकच उरला. आता थांबून तरी काय उपयोग होता? तिच्यासाठी मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. आणि त्या एका जिवावर — कसं, मला आजही सांगता येत नाही — मी शेवटची फळी ओलांडली.

शेवट आला.

राक्षस नव्हता, खजिना नव्हता. काळा पडदा. मधे एक छोटंसं घर, त्याच्या दारात बंड्या पाठ करून उभा. इंग्रजीत दोन ओळी. मला धड वाचता आल्या नाहीत. मग बंड्या आत गेला आणि घरातला दिवा लागला. खिडकीचा एक चौकोन, पिवळा. एक साधं गाणं वाजलं, आधी कधी न ऐकलेलं. संपलं. बस.

मी मागे वळले. "वहिनी —" असं तोंडात आलेलं होतं.

मागे कुणी नव्हतं. सूप भिंतीला टेकवलेलं होतं. आयुष्यात पुढे मी मोर्चात एकटी पडले, मतभेद होऊन संघटनेतून बाहेर पडले, एकटीने आजारपणं काढली. पण त्या दुपारी घरातल्या त्या क्षणाइतकी एकटी मी पुन्हा झाले नाही. जगात एक सुंदर गोष्ट होती, ती मी पाहिली होती, आणि आता ती मला कुणालाच सांगता येणार नव्हती.

पडद्यावर गेमचं नाव आलं. पहिल्यापासून सुरू करायचा का, असं विचारत.

आता मला भीती वाटली. मी ठरवलं, लाईट गेली म्हणायचं. प्लग उपटला, परत खोचला. मग आठवलं, की पलीकडे पिठाची गिरणी चालू आहे, तिचा आवाज सगळ्या आळीत येतो. आज लाईट गेली असं कोण मानणार? पुन्हा उपटला, पुन्हा खोचला — का, मला माहीत नाही — आणि अडाप्टरमधून फट् आवाज झाला. जळका वास घरभर पसरला.

"काय जळतंय गं?" धोंडाआत्या दारात उभ्या होत्या. बहिणीकडून लवकर परतल्या होत्या. त्यांनी टीव्हीच्या पाठीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "तव्यावानी तापलाय. कोन लावून बसलंय सकाळधरनं?"

मी सांगायला हवं होतं — मी. करारही तोच होता ना? खेळतात ती पोरं. सांगायचं तेच ठरलेलं खोटं होतं, आणि त्या एका दिवशी ते जवळजवळ खरं होतं.

मी म्हणाले, "वहिनी खेळत होत्या. सकाळपासून."

खरं होतं की नाही? त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

तुम्हाला वाटलं असेल, माझी चूक म्हणजे तो गेम खेळणं. मलाही कितीतरी वर्षं तेच वाटू द्यायचं होतं — पोरवयाची हाव, कोण माफ करणार नाही? पण चूक ती नव्हती. चूक हे वाक्य. मी खऱ्याच्या आड लपले. घरात शिकलेल्या त्या एका नियमाचा मी आडोसा केला.

वहिनी आली, बोटाला शाई. मागे किसनदादा. आत्यांनी दारातच सुरुवात केली. "मी म्हनलं पोरं खेळत्यात! हितं आमच्या सूनबाईच उड्या मारत्यात टीवीत! आता शेताचे बांध बी असंच उड्या मारून वलांडा." किसनदादा आधी हसला. मग शेजारच्या बायकाही हसायला लागल्या, तसा तो हसायचा थांबला. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहत होते. माझे हात कापत होते, ते तिला दिसले असणार.

पुढचे काही दिवस ती पाण्याला गेली की बाया विचारायच्या, "काय सुनंदा, आज कुठवर पोचला तुजा बंड्या?" ते नाव त्यांना कुठून कळलं? मी सांगितलं नव्हतं. पण त्यांना सांगण्यासारखं काही आहे, हे तर मीच सांगितलं होतं.

आणि बाबा. धोंडाआत्यांनी त्यांना सांगितलं, "मास्तर, पोर लई खरी हाय तुमची. इचारल्याबरुबर बोलली." बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढे शिबिरांमधून ते ही गोष्ट सांगायचे — शेजारच्यांना राग येईल याची पर्वा न करता खरं बोललेली मुलगी. मी समोर बसलेली असायचे. लोक वळून माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी मान खाली घालायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

किसनदादाने ते डबडं भाटघरला बहिणीच्या पोरांना देऊन टाकलं. ते गेलं त्या दिवशी वहिनी परसात भांडी घासत होती. मी जाऊन उभी राहिले. मला वाटलं, ती बोलेल, रागावेल, निदान तोंड फिरवेल. ती म्हणाली, "तू खरं बोललीस. त्यात काय चुकलं?" मग तिने राख हातात घेतली.

"शेवटी काय असंल गं, मुक्ते?"

मी म्हणाले, "काय माहीत."

हे मात्र खोटं. सरळ, निखळ खोटं. त्या दिवसांतलं पहिलं वाक्य खरं होतं आणि त्याने तिचा खेळ गेला. हे खोटं होतं आणि त्याने तिचा शेवट गेला. तिने त्यासाठी सकाळभर फळं वेचली होती. माझ्याकडे तो होता. आणि मी तो दिला नाही — कारण दिला असता तर मी कोण आहे, हे तिला कळलं असतं.

पुढचं ऐका, हे त्याहून वाईट आहे.

मी मोठी झाले, लिहायला लागले. दोन वर्षांपूर्वी मी एक पत्रक लिहिलं — बायकांच्या खेळण्याबद्दल, विसाव्याबद्दल. बाईला रिकामा वेळ मागायचा अधिकार आहे, असं. त्यात मी एका तरुण सुनेची गोष्ट घातली. नावं बदलली. दुपारी चोरून टीव्ही गेम खेळणारी, तल्लख अंगठ्यांची. आणि तिच्या हातातून तो हिसकावून घेणारी सासू. सासूवर मी आग ओतली. लिहिताना माझे डोळे भरून आले होते, हेही सांगते — स्वतःच्या शब्दांनी. आणि एक वाक्य असं होतं: 'शेजारच्या एका लहान मुलीने हे सगळं पाहिलं.'

पाहिलं! एवढंच काम मी स्वतःच्या वाट्याला ठेवलं. ते पत्रक गाजलं. भोरमध्ये, वेल्ह्यात, कॉलेजांत वाटलं गेलं. सभेत बायका रडल्या. मला पुन्हा एकदा, खरं बोलल्याबद्दल, शाबासकी मिळाली.

गेल्या हिवाळ्यात मी कामासाठी वेल्ह्याला गेले होते. तोरण्याच्या वाटेवर वहिनीने आता पिठलं-भाकरीची टपरी टाकली आहे. शनिवार-रविवारी पुण्याहून गड चढायला येणाऱ्यांची रांग लागते. केस पांढरे व्हायला लागलेत. मला बघून तिने भाकरी थापता थापताच हाक मारली. बसवलं, खायला घातलं. मग म्हणाली, "पोरीनं वाचून दाखिवलं तुजं पत्रक."

माझा घास तसाच राहिला.

"आगं, म्हातारीला पार राक्षीन केलीस की!" ती हसत होती. धोंडाआत्या जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. "तशी नव्हती ती. बोलली, चार दिस बोलली. मग तीच ह्यांना म्हनली, आन तिला दुसरं तसलं डबडं. त्येच्या नादात निदान कामं तरी झटाझट आवरायची."

"मग?" मी म्हणाले. 

"म्याच नगं म्हनलं. तुज्यापायी."

तिने भाकरी उलटली. तिचा आवाज साधा होता, जुनी गोष्ट सांगताना असतो तसा.

"त्या दिशी तुजं त्वांड बघितलं म्या. कसली थरथरत व्हतीस गं! म्हनलं, मास्तरांची पोर, खोटं ठाऊक न्हाई तिला, आन आपन आपल्या हौशीपायी तिला रोज खोटं बोलाया लावतोय. लई लाज वाटली मला. बास म्हनलं. आता न्हाई."

तिचा खेळ थांबवला तो सासूने नाही. नवऱ्याने नाही. आळीतल्या हसणाऱ्या बायकांनीही नाही. माझ्या चेहऱ्यावर पकडले जायची भीती होती. तिला तिथे माझा खरेपणा दिसला. आणि त्या खरेपणाला जपायला तिने स्वतःची एकुलती एक मजा सोडून दिली.

सांगायला हवं होतं. समोर ती होती, मधे फक्त चूल. कुणी अडवणारं नव्हतं. गिऱ्हाइकंसुद्धा दूर बाकावर चहा पीत होती. मी तोंड उघडलं —

"पर येक सांग," तीच म्हणाली. डोळे तसेच, अर्धे मिटल्यासारखे. "तू तर शिकली-सवरलीस. त्या गेमात शेवटी काय व्हतं, कधी कळालं का तुला?"

मी म्हणाले, "नाही, वहिनी."

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

मी पैसे द्यायला गेले तर घेतले नाहीत. मी एसटीत बसले आणि भोरला आले. त्याला आता बरेच महिने झाले. वेल्ह्याची गाडी रोज सुटते. फोन नंबर तिने स्वतःहून दिला होता, तो माझ्या मोबाईलमध्ये आहे. या काळात मी दोन सभांत बोलले, एक लेख लिहिला, रविवारी दुपारी दार लावून त्या घरापर्यंत पुन्हा पुन्हा गेले. पिवळा चौकोन उजळतो. गाणं वाजतं. मी कुणाकडेही वळून बघत नाही.

ती लांबलचक लेख वाचत नाही, आणि हा लेख तिच्या मुलीच्या हाती पडेल अशा ठिकाणी मी दिलेला नाही. तेही मी विचार करूनच केलं आहे.

शेवटी एक छोटं घर असतं. तो आत जातो, आणि दिवा लागतो. हे तुम्हाला सांगितलं. तिला अजून नाही.